अप्पांच्या घरची राजधानी

दोधू अप्पांच्या दारावरून सरळ निघून जाणं कोणालाही जमत नसे. गॅसचा बाटला घेऊन येणारा असो, कुरियरवाला असो, नाहीतर चुकून पत्ता विचारायला आलेला पाहुणा असो, अप्पा ओट्यावरच्या खुर्चीतून हात आडवा करत आणि विचारत, "भाई, दिल्ली कौनसे राज्य में है?"

बाटलेवाला उत्तर प्रदेशचा. त्याने पहिल्यांदा छाती फुगवून सांगितलं, "हमारे यूपी में, चाचा." झालं! बाटला खांद्यावर तसाच, आणि अप्पांनी त्याला आत नेऊन भिंतीवरच्या नकाशासमोर उभं केलं. पुढच्या खेपेला तो लांबूनच ओरडला, "किसी में नहीं!" त्या दिवशी त्याला चहा मिळाला.

आम्ही परराज्यात, कोसाडला, एका रांगेत राहतो. एका बाजूला माझं घर, दुसऱ्या बाजूला धाकट्या भावाचं, शरदचं, आणि मधोमध अप्पांचं. अप्पा मूळचे धुळ्याकडचे. लूम्सच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, मास्तर होते. बिघडलेले सांचे, म्हणजे माग, दुरुस्त करायचे. रिटायर झाले, बायको गेली, मूलबाळ नाही. उरला तो नकाशा आणि रद्दीच्या पस्तीवाल्याकडून आणलेला जाडजूड ॲटलास. एरवी ते आमच्यासारखीच अहिराणी बोलत. पण नकाशाचा विषय निघाला की अहिराणी गळून पडे आणि शाळामास्तरांची शुद्ध मराठी सुरू होई. मधूनमधून फक्त एक पालुपद, "नकाशा काय सांगस?"

मी एकदा वाद घातला होता. म्हटलं, "अप्पा, दिल्लीला मुख्यमंत्री असतो, विधानसभा असते. मग राज्य नाही कसं?"

"नाना, तिथला पोलीस कोणाचं ऐकतो? केंद्राचं. ज्याचा स्वतःचा पोलीस नाही, त्याचं कसलं राज्य?"

मी मनात म्हटलं, या माणसाला दुसरा उद्योग नाही. हे मनातलं आज लिहिताना लाज वाटते, कारण या नकाशाने आमचं घर वाचवलं.

वडील गेले आणि शरदचं माझं बिनसलं. कारण सांगितलं तर लोक हसतात. आईला कोणी ठेवायचं यावरून भाऊ भांडतात हे सगळ्यांना माहीत आहे. आम्ही मात्र दोघेही आई माझ्याकडेच पाहिजे म्हणून भांडत होतो. त्यात निव्वळ माया होती असं म्हणणार नाही. आमची आई म्हणजे अख्ख्या गल्लीची जिजी. ती ज्याच्या घरी, त्याच्या दारात गावाकडच्या पाहुण्यांच्या चपला. लग्नाची पत्रिका त्याच्या घरी, बहिणी आल्या की पहिला मुक्काम त्याच्या घरी. दुसरा आपोआप धाकटी पाती होतो. म्हणून वाटणी ठरली, एक महिना माझ्याकडे, एक महिना शरदकडे. पत्र्याची ट्रंक इकडून तिकडे.

अखाजी आली. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला माहेरवाशिणी येतात, तो मोठा सण. तो नेमका महिना बदलायच्या दिवशी पडला. दोन्ही घरांत सांजोऱ्या तळलेल्या, दोन्ही सुना दारात उभ्या, आणि शरद आणि मी एकेका बाजूने ट्रंकेची कडी धरून रस्त्यात. बहिणी बॅगा घेऊन बघत राहिल्या. जिजी आमच्या मधून निघाली ती थेट अप्पांच्या ओट्यावर जाऊन बसली.

"मी काय गॅसना बाटला शे का? आज अठे, उद्या तठे!"

अप्पा ॲटलास घेऊनच बाहेर आले.

"नाना, शरद, इकडे या. हे सिडनी, हे मेलबर्न. दोघे सख्खे भाऊ समजा. राजधानी माझ्याच घरी पाहिजे म्हणून भांडले. शेवटी काय केलं? दोघांच्या मध्ये, माळावर, नवीन गाव बसवलं. कॅनबेरा. राजधानी ज्याच्या अंगणात, त्याचा तोरा वाढतो आणि दुसरा जळत राहतो. म्हणून ती कोणाच्याच अंगणात ठेवायची नसते. नकाशा काय सांगस?"

आणि त्या माणसाने त्याच दुपारी आपली खाट उचलून मागच्या स्वयंपाकघरात नेली. पुढची खोली जिजीला दिली. मधल्या दाराला कडी लावली, तीही जिजीच्या बाजूने. बहिणींच्या बॅगाही तिथेच ठेवल्या.

मग रोज सकाळी जिजीकडे जेवायला शरद आणि मी तिथल्या एकाच खाटेवर बसू लागलो. पहिले दोन महिने मी नकाशाकडे बघायचो आणि तो जमिनीकडे. सुनांची चुरस लागली. एकीची कळण्याची भाकरी, तर दुसरीची शेवेची भाजी. राजधानीचे रहिवासी म्हणून अप्पांचंही ताट वाढलं जाई, आणि ते दोन्हीकडचं सारखं खात. एकीचं जास्त कौतुक कधी केलं नाही. एके दिवशी शरदने मला विचारलं, "दादा, भाजीत मीठ जास्त वाटतंय का रे?" वर्षभरानंतर तो मला दादा म्हणाला होता.

दुसरी अखाजी जवळ आली तेव्हा शरदच म्हणाला, "दादा, जिजीला तूच ने. तू मोठा." मी म्हटलं, "तू ने." असं भांडण आमच्यात पहिल्यांदाच झालं. शेवटी माझ्याकडे ठरलं.

अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "चांगलं झालं. अमेरिकेनेही राजधानीसाठी दोन राज्यांकडून जमीन घेतली होती. पुढे व्हर्जिनियाने आपली परत मागितली. देऊन टाकली. भांडण नाही, काही नाही." बोलता बोलता ते स्वतःच जिजीच्या गोधडीची घडी घालू लागले. मग "आलोच" म्हणून बाहेर गेले.

मी आणि शरदने ट्रंक उचलली. तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला.

"भाई, दिल्ली कौनसे राज्य में है?"

कुरियरवाला होता. त्याने उत्तर दिलं की नाही, ऐकू आलं नाही. मी मात्र जागीच थांबलो. वर्षभरात अप्पांनी हा प्रश्न एकालाही विचारला नव्हता. विचारायची गरजच पडली नव्हती. घर माणसांनी भरलेलं होतं.

जिजीनेही ऐकलं होतं. ती खाटेवर परत बसली.

"मी गयी ते याना दारमा कोन येई?" ती हळूच म्हणाली. मग आम्हा दोघांवर डोळे वटारून मोठ्याने, "राजधानी हलावनारा तुम्ही कोन? ट्रंक खाले ठेवा. आनि च्या मांडा, आप्पाले बलावा."

शरदने ट्रंक खाटेखाली सरकवली. मी अप्पांना हाक मारली. ते आत आले, ट्रंकेकडे पाहिलं, गोधडीकडे पाहिलं आणि घातलेली घडी पुन्हा उलगडायला लागले.