दहा दिवसांपूर्वीचा भाव

शेजारच्या घरात कुणीतरी फार आजारी आहे, अशी आमची पहिल्या आठवड्यातच खात्री झाली होती.

बाहत्तर साली आम्ही सावेडीला राहायला गेलो. तेव्हा सावेडी म्हणजे नगरच्या बाहेर, चार-सहा बंगले आणि बाकी माळ. मी सरकारी कचेरीत कारकून, मालतीशी नुकतंच लग्न झालेलं. शेजारी मेट्रनबाई राहत. एका मोठ्या दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, पाठ फळीसारखी ताठ. रोज दुपारी चारच्या सुमाराला त्या कुंपणाशी येत आणि मालतीला सांगत, "चढ आहे, पण धाप लागतेय." दुसऱ्या दिवशी, "आज जरा तरतरी आहे." तिसऱ्या दिवशी मालती भाताची पेज घेऊन गेली. मेट्रनबाईंनी ती उभ्या उभ्या पिऊन टाकली, भांडं विसळून परत दिलं आणि म्हणाल्या, पेज छान आहे, पण आमचा पेशंट मुंबईच्या शेअर बाजारात असतो.

पेशंट म्हणजे एका मोटार कंपनीचा शेअर.

झालं होतं असं, की पुण्याच्या रस्त्यावर मोटार उलटून मुंबईचा एक शेअर दलाल त्यांच्या दवाखान्यात येऊन पडला होता. पाय टांगलेला, दीड महिना हलायची सोय नाही. त्यानं वेळ घालवायला मेट्रनबाईंना एक युक्ती शिकवली. आजच्या भावातून दहा दिवसांपूर्वीचा भाव वजा करायचा. जे उरेल त्याचा ठिपका कागदावर द्यायचा आणि रोजचे ठिपके जोडत जायचे. त्याला तो भावाचा वेग म्हणे. मेट्रनबाईंना हे नवीन वाटलंच नाही. "ताप किती आहे, हे नातेवाईक विचारतात," त्या सांगत, "चढायचा जोर कमी झालाय का, हे नर्स बघते." दलाल बरा होऊन गेला. बाईंनी निवृत्त झाल्यावर त्या कंपनीचे थोडे शेअर घेतले आणि तापाच्या तक्त्याच्या जुन्या कागदांवर भावाच्या रेघा काढायला सुरुवात केली. भाव निळ्या पेन्सिलीनं, वेग लाल.

मुंबईचा पेपर नगरला दुपारच्या एसटीनं यायचा. तो येईपर्यंत बाई कुणाशी धड बोलत नसत. कुणी आधीच भाव सांगितला तर रागावत. पेशंटची बातमी व्हरांड्यात ऐकायची नसते, म्हणत.

ही युक्ती त्या कशालाही लावत. आमचा दूधवाला गणपत घोडेगावच्या बाजारातून एक म्हैस घेऊन आला. तिचं कौतुक त्यानं इतकं केलं, की बाईंनी त्याला रोजचं दूध सांगायला लावलं आणि तिचाही कागद केला. पंधरवड्यानं त्याला सांगितलं, दूध अजून वाढतंय, पण वाढीचा जोर गेला, गुरांच्या डॉक्टरला दाखव. गणपत मालतीपाशी येऊन म्हणाला, "वैनी, बाईंचं डोस्कं लई तापतंय उन्हानं. म्हस दूध देती हाय आन् त्या डाक्टर सांगत्यात." आठ दिवसांत म्हशीच्या सडाला सूज आली आणि दूध निम्म्यावर आलं. तेव्हापासून बाईंच्या दुधात त्यानं पाणी घातलं नाही. आमच्या घालत राहिला.

म्हशीचं पाहून मलाही धीर आला. स्कूटरसाठी नंबर लावायचा म्हणून मी पैसे साठवत होतो. बाईंची लाल रेघ वर निघाली तशी मी ते सगळे पुण्याच्या एका दलालामार्फत त्या शेअरमध्ये घातले. पुढचे काही महिने भाव चढतच होता. कचेरीत लोक मला बाजूला घेऊन सल्ला विचारू लागले, आणि मी तो देऊही लागलो.

मग एका दुपारी मेट्रनबाई कागद घेऊन थेट आमच्या घरात आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत.

"विकून टाका," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, भाव तर कालच्यापेक्षा वर आहे.

"वर आहे, ते मलाही दिसतंय. पण हा जिना चढणारा माणूस बघा. वरच जातोय, पण आता पायरीगणिक थांबतोय. तो बसेपर्यंत वाट बघणार का?"

निळी रेघ चढत होती आणि लाल रेघ तिच्याखाली उतरत होती. माझा जीव होईना. दोन दिवस मी टाळलं. तिसऱ्या दिवशी मालतीनं पुण्याच्या दलालाच्या नावाचं पाकीट समोर ठेवलं आणि म्हणाली, मी कागद वाचत नाही, मी बाईंना ओळखते. मी विकले. त्यानंतर भाव आणखी तीन आठवडे चढला, आणि ते तीन आठवडे मी मेट्रनबाईंशी नीट बोललो नाही. पुढे पेट्रोल एकदम महागलं. साऱ्याच मोटार कंपन्यांचे भाव कोसळले. कचेरीतले माझे शिष्य माझ्याशी नीट बोलेनात.

मी पेढे घेऊन बाईंकडे गेलो. त्या टेबलाशी बसून त्याच कंपनीचा ठिपका देत होत्या. मी विचारलं, सगळे विकून टाकलेत ना?

"एक ठेवलाय."

"नियमानं तोही जायला हवा होता."

"हवा होता," त्या म्हणाल्या आणि पेन्सिलीला टोक काढत बसल्या. जरा वेळानं टेबलाचा खण ओढून त्यांनी एक गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. कंपनीची छापील पत्रं होती. वार्षिक अहवाल, सभेची सूचना, पत्ता बदलला असल्यास कळवावे अशी विनंती. प्रत्येकावर आल्याची तारीख लाल पेन्सिलीनं लिहिलेली.

"निवृत्त झाले तेव्हा माझ्या नर्स मुलींची खूप पत्रं यायची," त्या म्हणाल्या. "आठवड्याला दोन-तीन. मग त्यांची लग्नं झाली, बदल्या झाल्या. वेग कमी होत गेला. हे मात्र पाठवतात. आणि नाव पूर्ण घालतात."

पाकिटावर टंकलेलं होतं, कुमारी रत्नमाला शांतवन साळवे. दोन वर्षं शेजारी राहून मला ते ठाऊक नव्हतं. पेढ्याचा पुडा तिथेच ठेवून मी घरी आलो आणि मालतीला सांगितलं.

त्याच उन्हाळ्यात माझी जळगावला बदली झाली. सामान अजून पोत्यांत होतं, तेव्हाच मालतीनं बाईंना पहिलं पत्र टाकलं. पाकिटावर पूर्ण नाव घातलं. मग दर आठवड्याला एक, कधी तिचं, कधी माझं. लिहिण्यासारखं फार नसायचं. पाण्याची वेळ, घरमालकाचा कुत्रा, मालतीला लागलेले डोहाळे. बाईंची उत्तरं तशीच यायची, चार ओळींची, औषधाच्या चिठ्ठीसारखी. काय खावं, काय टाळावं, सातव्या महिन्यात काय करावं.

दिवाळीच्या आधी आलेल्या पत्रात मालतीच्या पायाच्या सुजेबद्दल नेहमीच्या सूचना होत्या. खाली सही होती. सहीच्या खाली, जागा उरली म्हणून लिहावं तशी, एक ओळ होती:

"परवा तो एक शेअरही विकला. उत्तर लवकर टाकावे."