बिनपगारी जलप्रवास

सन १९६१च्या एप्रिलात तीन मित्रांनी कुंडलिका नदीतून रोह्याहून रेवदंड्यापर्यंत जाण्याचा बेत केला, आणि त्यांतला एक शहाणा असल्यामुळे तो बिघडला. तो शहाणा मी.

दुसरा दत्तात्रेय, आमच्याच कचेरीतला आवक-जावक कारकून. चार वर्षं तो खिडकीशी बसून वही लिहीत होता आणि ओहोटीबरोबर नदी समुद्राकडे जाताना रोज पाहत होता. आता त्याची चांद्याला बदली झाली होती. "सोमवारी निघायचं," तो म्हणाला. "तिकडे समुद्र फक्त नकाशात. एकदा या पाण्याबरोबर शेवटपर्यंत जायचंय रे." त्याचा आवाज असा काही झाला की मी घाईघाईने टाक पुसायला घेतला.

तिसरा काळूराम. त्याच्याकडे दोन पगारी होत्या. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो, पगार म्हणजे एका खोडातून कोरून काढलेली अरुंद होडी. ती पगार, त्या पगारी. तो पगार वेगळा. त्याला महिन्यातून एकदाच भरती येते.

काळूरामने रविवार धरला. पौर्णिमा होती. दुपारी भरती तुडुंब भरणार, पाणी उलटलं की निघायचं, दिवस मावळायच्या आत रेवदंडा. भाकऱ्या आणि सुकट काळूरामची बायको मैना बांधून देणार. हे सगळं ठरायला सात मिनिटं लागली. इतक्या लवकर ठरलेली गोष्ट कायदेशीर असेल, यावर माझा विश्वास बसेना.

"कागद असलेला बरा," मी म्हणालो.

"कसला कागद?" काळूराम म्हणाला. "मी रोज जातो न् येतो. पानी कुनाला इचारून उतरतं?"

"पाणी सरकारी नोकर नाही. आम्ही दोघं आहोत."

मी माझ्या सुप्रसिद्ध वळणदार अक्षरात अर्ज लिहिला: 'आम्ही दोघे कारकून येत्या रविवारी दोन पगारी घेऊन नदीमार्गे प्रवास करू इच्छितो. तरी परवानगी मिळावी.'

आमचे अव्वल कारकून रावसाहेब मूळचे सोलापूरकडचे. त्यांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला.

"रविवारी पगारी? आणि त्याही दोन?"

"रावसाहेब, पगारी म्हणजे होड्या."

"पगारी म्हणजे पगारी. पगारी रजा, पगारी नोकर. वीस वर्षं टिपणीत हा शब्द वापरतोय. त्यात कधी पाणी शिरलं नाही."

त्यांनी शेरा मारला: 'सुट्टीच्या दिवशी पगारी प्रवास म्हणजे दौरा. प्रयोजन नमूद करावे.' प्रयोजन नसणं हा गुन्हा नव्हता, पण रकाना रिकामा सोडणं होता. मी लिहिलं, 'नदीची पाहणी'. मग नदी अस्तित्वात असल्याचा दाखला हवा झाला. तलाठ्याने तो दिला: 'सदर नदी समक्ष वाहताना आढळली. मात्र दुपारी ती उलट दिशेने वाहत होती.' त्यावर वरून शेरा आला: 'दोन्ही दिशांना वाहण्याचे कारण काय? नदीकडून खुलासा मागवावा.' शिपाई कोंडाजीने रीतसर नोटीस नेऊन होड्या बांधायच्या खुंटाला चिकटवली. संध्याकाळच्या पाण्याने ती नेली. फायलीत नोंद झाली: 'नोटीस बजावली. नदीने पोच दिली नाही.'

दत्तात्रेय रोज मला विचारी, "होईल ना रे?" आणि मी म्हणे, "फाईल हलली आहे."

शनिवारी हुकूम आला: 'अर्जदारांस पगारी जाता येणार नाही. तथापि सहानुभूतिपूर्वक विचार करून बिनपगारी जाण्यास परवानगी देण्यात येत आहे.'

मी आनंदाने काळूरामच्या घरापर्यंत पळत गेलो.

रविवारी निम्मी कचेरी काठावर आली. रावसाहेब छत्री घेऊन आले. दत्तात्रेय नवा सदरा घालून पगारीत पाऊल टाकणार, तोच कोंडाजी आडवा आला. तो इथलाच, त्याला शब्दाचा अर्थ पक्का ठाऊक होता.

"न्हाय, दत्ताभाऊ. हुकमात बिनपगारी हाय. पगारीत पाय ठेवायचा न्हाय."

रावसाहेबांनी होड्यांकडे पाहिलं, मग हुकमाकडे. "या पगारी? मग आधी सांगायचं होतं!"

"सांगितलं होतं, रावसाहेब."

"तोंडी!" ते म्हणाले. "आता अर्थ बदलायचा तर वर लिहावं लागेल. दिवाळीपर्यंत येईल उत्तर."

पाणी उलटलं. खुंटाजवळचा फेस हळूच समुद्राकडे वळला. दत्तात्रेयाचे डोळे भरून आले, आणि मला स्वतःच्या वळणदार अक्षराची लाज वाटली.

"बिनपगारी परवानगी आहे ना नक्की?" त्याने विचारलं. वहाणा माझ्या हातात दिल्या आणि नव्या सदऱ्यासकट नदीत उडी मारली.

"बुडालो!" तो ओरडला. तो छातीभर पाण्यात उभा होता आणि हसत होता.

"रावसाहेब," काळूरामने विचारलं, "बुडत्याला काढाया कागद लागतं का?"

रावसाहेब नोकरीत प्रथमच काही न वाचता बोलले. "नाही. बहुधा."

काळूरामने पगार लोटली, दत्तात्रेयाला काखेत धरून आत ओढलं. मैनाने भाकऱ्यांचं गाठोडं अचूक फेकलं. "घ्या! बुडालेल्याला भूक लागतं!"

"आता आणा इकडे!" रावसाहेब ओरडले.

"पानी न्हेतंय, रावसाहेब!" काळूराम वल्हं उचलून म्हणाला. "रेवदंड्याला वाचवतो!"

पगार वळणाआड दिसेनाशी झाली, तरी दत्तात्रेयाचं हसू ऐकू येत होतं. दुसरी पगार माझ्या पायाशी रिकामी डुलत होती.

"अर्ज दोघांचा होता," रावसाहेब म्हणाले. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. "तुम्ही कधी बुडणार?"

"विचारून सांगतो," मी म्हणालो.

त्यावर रावसाहेब पोट धरून हसले, आणि मग सगळा काठ हसला.

दत्तात्रेय दुसऱ्या दिवशी रेवदंड्याहूनच परस्पर चांद्याला गेला. मी चौकशीचा अहवाल लिहायला बसलो. 'बुडणारा हसत होता काय?' होय. 'काठावरचे लोक कोणाच्या परवानगीने हसले?' सगळे रावसाहेब हसेपर्यंत थांबले होते, त्यामुळे तोही रकाना भरला.

आता राहिलात तुम्ही. इथवर वाचताना मध्येच कुठेतरी हसला असाल, तर कोणाला विचारून? आणि हसला नसाल, तर कोणाची वाट पाहत होता?