जावई नाक्यावर आहे

रेणुकाचं लग्न झालं त्या साली, म्हणजे दोन हजार बावीसला, परंदवडीत कायद्याचं राज्य आलं. तिचा नवरा सुहास लोणावळ्याकडच्या एका नाक्यावर वाहतूक पोलीस होता. कायदा सर्वांना सारखाच असतो हे खरं. पण तो कुणाला मामा म्हणतो, यालाही महत्त्व आहे. सुहास सासऱ्यांना, म्हणजे महिपती आबांना, मामा म्हणायचा.

पूर्वी पोलिसानं अडवलं की गावकऱ्याला लायसन शोधावं लागे. (ते बहुधा घरीही सापडत नसे.) आता रीतसर कार्यपद्धती ठरली. गाडी बाजूला घ्यायची. इंजिन चालूच ठेवायचं. आबांना फोन लावायचा. आबा खाकरून जावयाला फोन लावत, आणि तंबाखूची चिमूट दाढेखाली जायच्या आत प्रकरण निकाली निघे. आबा यासाठी कुणाचा रुपयाही घेत नसत, म्हणून हा भ्रष्टाचार नव्हता. भ्रष्टाचाराला पैसे लागतात. ही माणुसकी होती.

परिणाम उत्तम दिसून आले. गावात हेल्मेटं तीनच उरली; त्यातल्या एकात शालूबाईंची कोंबडी अंड्यांवर बसली. दंड भरणारी घरं: शून्य. लग्नकार्यात आबांना पहिल्या पंगतीचं पान: कायम.

सुहासनं एकदा मात्र कर्तव्य केलं. आबांच्या भावकीतला बजरंग उलट्या दिशेनं गाडी घालताना सापडला, त्याला दंड केला. गावाला धक्का बसला. पोलीस प्रामाणिक असावा, याबद्दल परंदवडीत कधीच दुमत नव्हतं. तो दुसऱ्या गावचा जावई असावा, एवढंच म्हणणं होतं. बजरंग पारावर सगळ्यांदेखत म्हणाला, "आबा, मग पोरगी पोलिसाला दिली कशापायी? मास्तराला द्यायची व्हती." आबा आठवडाभर पाराकडे फिरकले नाहीत.

पुढच्या साली धोंड्याचा महिना आला. जावयाला अनारशांचं वाण द्यायचा रविवार ठरला. घरात तळण चालू असतानाच बजरंगचा फोन आला. त्याचा मुलगा समर्थ भुशी धरणावर गेला होता. येताना सुहासनंच त्याला धरून नळीत फुंकायला लावलं होतं.

आबांनी जावयाला फोन लावला.

"मामा, लय प्यायलाय. गाडी ठेवून घेतो, त्याला रिक्षानं पाठवतो."

"एकुलतं पोर हाय बजरंगचं."

"म्हणूनच म्हणतोय."

आबांना पाराची आठवण झाली. "जावईबापू, हितं तुमच्यासाठी अनारसे तळत्यात. चावी द्या त्याला. न्हाईतर वाणाला तोंड दाखवू नका."

मग सुहास म्हणाला, "देतो."

अनारसे छान जाळीदार झाले होते. समर्थ मात्र कामशेतच्या पुढे आलाच नाही.

दहाव्याला सारं गाव घाटावर जमलं आणि पोलीस खात्याच्या ढिलाईवर एकमत झालं. बजरंग आबांकडे बघत म्हणाला, "पोरगं एवढं प्यालेलं दिसतंय, तरी सोडलंच कसं त्यानं?"

आबा नदीकडे वळले. मग म्हणाले, "व्हय. सोडाया नको व्हतं."

नाक्यावर कडक माणूस हवा, असा अर्ज गावानं केला. पहिली सही आबांची होती. सुहासची बदली झाली.

गावाला हसण्याआधी वाचकांनी आपल्या फोनमध्ये 'पोलीस' एवढंच टाकून पाहावं. जे नाव वर येईल, त्याला शेवटचा फोन कुणाला सोडवायला केला होता, तेही आठवावं. तो माणूस घरी पोहोचला असेल, तर उत्तमच.

समर्थ बजरंग, वय तेवीस, रविवार, तेरा ऑगस्ट दोन हजार तेवीस रोजी वारला.