आधी बसून बघा

घर विकायला काढलेला माणूस गिऱ्हाइकापुढे घराचे गुण गातो, अशी माझी समजूत होती. बबनआबांनी ती मोडली. एजंट गिऱ्हाइकाला घेऊन आला की आबा फ्लॅटचं दार उघडायचे, रिकाम्या हॉलच्या मधोमध सतरंजी पसरायचे आणि म्हणायचे, "बसा." गिऱ्हाईक बिचारं पार्किंग आणि पाण्याचं विचारायच्या तयारीत असायचं. आबा हात वर करून त्याला गप्प करायचे. "आधी बसून बघा. चार म्हैने ऱ्हावा. करमलं तर घ्या, न्हाई करमलं तर चावी द्या. घाई कशाला करताय?" तोवर जिन्यात एजंटानं कपाळाला हात लावलेला असायचा.

मी त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतो. गाव कुरुळी, चाकणच्या कंपन्या इथून जवळच. मी मूळचा औशाकडचा, लातूर जिल्ह्यातला. एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेल्या पार्टमधल्या चुका काढतो आणि संध्याकाळी घरी येताना घराचा हप्ता आठवतो. आबा मला नावानं कधी हाक मारत नाहीत. "काय क्वालिटी, आलासा का?" एवढंच.

आबांना हप्ता नाही. इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती त्यांचीच होती. बिल्डरला जमीन दिली आणि बदल्यात त्यांना नऊ फ्लॅट मिळाले. मला एक घर घ्यायला अर्धं आयुष्य गहाण टाकावं लागलं आणि या माणसाला नऊ घरं जन्मानं मिळाली. हे बरोबर आहे का, याचा विचार मी रोज जिना चढताना करायचो. पण पहिल्याच मजल्यावर राहत असल्यामुळे तो कधी पूर्ण झाला नाही.

एकदा आबांनाच विचारलं. ते रागावले नाहीत. उलट विचारात पडले. "मलाबी समजत न्हाई बगा. जमीन व्हती तवा खालनं वर आभाळापतुर माजीच व्हती. आता नऊ घरं हायेत, आन् डोस्क्यावर दुसऱ्याचा मिक्सर फिरतोय. ह्यात मी कमावलं का गमावलं, तुमीच सांगा." जाता जाता ते आमच्या स्वयंपाकघराकडे बोट दाखवून म्हणाले, "तुमचा वटा हाय ना, तिथंच आमचा बैल बसायचा." त्या दिवसापासून माझी बायको सुनीता पोळ्या लाटताना जरा बाजूला सरकून उभी राहते.

मग बाजार बसला. कंपन्यांनी शिफ्टा कमी केल्या, कंत्राटावरची पोरं सामान बांधून गावाला निघाली आणि भाड्याच्या पाट्या दारोदार लटकू लागल्या. बिल्डरनं उरलेले फ्लॅट आमच्यापेक्षा कमी भावात काढले, वर किचन ट्रॉली फुकट. भाव पडल्याचं सुनीतानं कसंबसं सोसलं. ट्रॉली मात्र तिला आजतागायत सोसलेली नाही.

आबांच्या नऊ घरांपैकी आठ रिकामी झाली. नवव्यात ते एकटे राहत. काकू वारल्याला बरीच वर्षं झाली होती आणि मुलगा मोशीला राहून प्लॉटिंगचा धंदा करत होता. तो रविवारी यायचा, गाडी चालूच ठेवून काच खाली करायचा आणि सांगायचा, "आबा, कुलपं राहू द्या. रेट आला की काढू." आबांना ती कुलपं बघवत नव्हती.

"घर पडीक ठिवायचं न्हाई," ते मला म्हणाले. "आवो, रान पडीक असलं तर आमी त्यात मेंढरं बसवायचो."

ही रीत मला माहीत होती, आमच्याकडेही होती. पीक निघालं की धनगर कळप घेऊन येतात. रात्रभर मेंढरं शेतात बसली की लेंड्यांनी जमिनीला खत मिळतं. जागा शेतकऱ्याची असली तरी धान्य द्यायचं ते शेतकऱ्यानंच धनगराला, बसल्याबद्दल. यात काही चमत्कारिक आहे असं मला कधी वाटलं नव्हतं, कारण तिथं खरोखरची मेंढरं होती.

आबांनी तीच रीत फ्लॅटला लावली. पहिला बसला अंकुश, परभणीकडचा. कंत्राट संपलं म्हणून बायको मनीषा आणि तान्ह्या मुलीला घेऊन गावाला निघाला होता. चहाच्या टपरीवर आबांनी त्याचं सामान पाहिलं. "गावाकडं काय ठिवलंय? बस हितं. काम घावंल." अंकुशनं भाडं विचारलं. "भाडं कशाचं? बसनार तू हायस न्हवं?" आणि महिना भरला तेव्हा आबा स्वतः पायलीभर बाजरी घेऊन त्याच्या दारात उभे राहिले. इमारतीमागं त्यांची एक चिंचोळी पट्टी अजून शिल्लक होती, तिथली ती बाजरी.

अंकुश त्या संध्याकाळी माझ्याकडे आला. जन्मभर डिपॉझिट आधी देऊन मगच चावी घेतलेला माणूस तो. "दादा, ह्यात काही गोम तर नसंल ना? राहायलोबी आम्हीच अन् दाणेबी आम्हालाच?" मी म्हटलं, नसावी. पण त्यानं बोचकी सोडली नाहीत. मनीषा रोज त्यातूनच कपडे काढायची आणि परत बांधून ठेवायची.

मग आणखी दोन कुटुंबं बसली. दिवेलागणीला आबा मजल्यामजल्यावरून हिंडत. कुठं बाळ रडत असे, कुठं भांडं पडे, कुठं नवराबायकोचं तोंड वाजत असे. आबा दारापाशी थांबून ऐकत, मान हलवत आणि "भरलं" म्हणून पुढं जात.

सोसायटीच्या ग्रुपवर मात्र आग लागली. अध्यक्ष पाटोळे, कंपनीतून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले, त्यांनी पार्किंगमध्ये मीटिंग लावली. "आम्ही हप्ते भरून मरायचं आणि लोकांनी फुकट राहायचं?"

"आठी घरांचा मेंटेनन्स मी भरतोय न्हवं?" आबांनी विचारलं.

"प्रश्न मेंटेनन्सचा नाही, तत्त्वाचा आहे. इथं फुकट राहायला मिळतं हे बाहेर कळलं तर आमच्या घराला भाव काय येणार?"

मग आबांनी मेंढरं बसवण्याची रीत समजावून सांगितली. अगदी मनापासून सांगितली. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हणजे आम्ही मेंढरं का?"

"तुमी न्हाई वो," आबा घाईघाईनं म्हणाले. "मेंढरू सकाळी उठून जातं. तुमी इकत घेतलंय, तुमाला आता उठताच येत न्हाई."

मला हसू आलं. हात वर करून मतं घेतली. फुकट राहणाऱ्यांना काढावं, यावर मी हात वर केला, कारण मला माझा हप्ता दिसत होता. राहू द्यावं, यावरही मी हात वर केला, कारण वरून अंकुशची पोर रडताना ऐकू येत होती. पाटोळ्यांनी दोनदा मोजून पाहिलं आणि शेवटी मला गैरहजर लिहिलं.

काढायचा ठराव झाला तसा कुणीतरी आबांच्या मुलाला फोन केला. तो आला आणि या वेळी त्यानं गाडी बंद केली. आठवड्याच्या आत तिन्ही घरं रिकामी झाली. अंकुश रांजणगावला मेव्हण्याकडे गेला. बोचकी बांधलेलीच होती, त्यामुळे त्याला वेळ लागला नाही. निघताना आबांनी त्याच्या मोटरसायकलच्या हँडलला बाजरीची पिशवी अडकवली. न्याय झाला असं सगळे म्हणत होते. मलाही बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, वाईटच वाटलं, आणि का ते सुनीतालाही नीट सांगता येईना.

थोड्याच दिवसांत पाटोळ्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. संध्याकाळी त्या कुलूपबंद घरांपैकी एकात दिवा दिसायचा. आज एकात, उद्या दुसऱ्यात. "म्हाताऱ्यानं परत कुणीतरी घुसवलंय," ते म्हणाले. "तुम्ही बघून या. तुम्ही कुठल्याच बाजूचे नाही."

मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. कोपऱ्यातल्या घराचं दार उघडं होतं. हॉलच्या मधोमध सतरंजीवर आबा एकटेच बसले होते. डोक्याला टोपी, पाठ ताठ, बाजूला एक कापडी पिशवी.

"आबा, काय करताय?"

"बसलोय. काल खालच्यात बसलो व्हतो, आज हितं." त्यांनी सतरंजीची सुरकुती हातानं सरळ केली. मग म्हणाले, "पर एकटं मेंढरू बसून रान भरत न्हाई, क्वालिटी."

मी चौकशीला आलो होतो ते विसरलो आणि त्यांच्यासमोर बसलो. ते काकूंविषयी बोलले. काकूंना फ्लॅट कधी आवडलाच नाही. "ती म्हनायची, हितं हाक मारली तर भिंतीलाच लागती. आता मीबी मारून बगतो कंदी कंदी. भिंतीलाच लागती." एवढ्यात खालून कुकरची शिट्टी ऐकू आली. आबांनी बोट वर केलं. "तुमचाच व्हय?" मी हो म्हटलं. "तिसरी शिट्टी झाली की ताई ग्यास बंद करत्यात. तवर मी ऐकत बसतो."

तिसरी शिट्टी झाली. मी उठलो. आबांनी ती पिशवी माझ्या हातात दिली. आत बाजरी होती.

"आबा, हे मला कशाला? मला घर आहे."

"बसलासा न्हवं? मग द्यायचं असतं."

मी घेतली. माझा अपमान झाला की मान झाला, हे जिना उतरताना ठरवायचं म्हटलं. या वेळी चांगले दोन मजले हाताशी होते, तरी ठरलं नाही. खाली माझ्या दारापाशी पाटोळे उभेच होते. "कोण होतं वर?" मी म्हटलं, "आबा होते. आणि मी."

सुनीतानं पिशवी उघडून पाहिली. मी तिला सगळं सांगितलं, शिट्टीचंसुद्धा. ती डोळ्यांना पदर लावून गिरणीत गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं त्याच बाजरीच्या भाकरी फडक्यात बांधल्या, आमच्या घराला कुलूप लावलं आणि पार्किंगमध्ये येऊन वर बघू लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीत दिवा होता.

"कुठं निघालात?" पाटोळ्यांनी विचारलं.

"बसायला," सुनीता म्हणाली आणि जिना चढू लागली.