सातव्या हिरवळीवरची वेटोळी

“मुकादम, सातव्या हिरवळीला नायटा झालाय,” पंपवाल्याने सकाळी सकाळी बातमी आणली आणि मुकादमांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

मुकादम म्हणजे गोल्फ क्लबच्या गवताचे सर्वेसर्वा. कागदोपत्री ते नोकर होते, पण गवताला ते माहीत नव्हतं. धापा टाकत ते सातव्या भोकाशी पोचले. भोकाभोवतीच्या त्या गालिच्यासारख्या मऊ हिरवळीवर तपकिरी पट्टा उमटला होता. आधी एक वेटोळं, त्याला लागून दुसरं वेटोळं, मग एक झोकांडी आणि शेवटी सरळ रेघ, थेट झाडाच्या सावलीपर्यंत.

“कीड नाही ही,” पंपवाला डोकं खाजवत म्हणाला. “कीड इतकी गोंधळलेली नसते.”

मुकादमांनी मात्र त्या नक्षीचा कर्ता लगेच ओळखला. ते स्वतःच होते. बायकोचा फोन आला की त्यांना एका जागी उभं राहता येत नसे. मागच्या आठवड्यात उन्हाळ्याआधीचं खत टाकायला ते खताची ढकलगाडी घेऊन इथे आले, आणि नेमका फोन वाजला. एक हात फोनला, दुसरा गाडीला. गाडीचं तोंड उघडंच.

“अहो, यंदा समुद्रावर जायचं म्हणजे जायचं,” बायको म्हणाली होती. “दर उन्हाळ्यात तुमचं गवत सुकतं आणि माझी सुट्टी बोंबलते. यंदा रजा नाही मिळाली तर मी ताईबरोबर जाते. तुम्ही बसा गवतापाशी. भूक लागली तर तेच खा!”

‘अगं, पण...’ म्हणताना पहिलं वेटोळं पडलं होतं, ‘ऐकून तर घे’ म्हणताना दुसरं. शेवटची सरळ रेघ नुसत्या ‘हो, हो, हो’ची होती. खताचा जाड थर पडला, त्यावर ऊन तापलं, आणि नवरा-बायकोचं सगळं संभाषण गवतावर करपून निघालं.

आता घरी बॅगा भरून तयार होत्या आणि क्लबचे अध्यक्ष आज दुपारी मैदान बघायला येणार होते. त्यांनी बजावलं होतं, “उन्हाळ्याच्या तोंडावर मला मैदानात एकही डाग दिसता कामा नये. दिसला, तर रजा विसरा.”

“गोदामात गवताला मारायचा हिरवा रंग पडलाय,” पंपवाल्याने सुचवलं. “फोटो काढायचे असले की मारतो ना आपण, तो.”

दोघांनी पंप पाठीला लावून वेटोळी रंगवली. मग लांब जाऊन पाहिलं तर तपकिरी वेटोळ्यांच्या जागी गडद हिरवी वेटोळी झळकत होती. आधी निदान जवळ गेल्यावरच दिसत होती, आता रस्त्यावरूनही दिसायला लागली.

“मग आख्खीच रंगवू,” मुकादम म्हणाले. आख्खी रंगवली. आता बाकीच्या मैदानात ती हिरवळ म्हाताऱ्याच्या तोंडातल्या नव्या कवळीसारखी दिसू लागली.

अध्यक्ष आले ते नवेकोरे पांढरे बूट घालून. हिरवळीच्या मधोमध उभे राहिले आणि खूश झाले. “वा! याला म्हणतात गवत! मग बाकीच्या हिरवळींना काय धाड भरलीय? आधी सगळ्या अशा करा, मग जा रजेवर.”

“साहेब, त्याला जरा... वेळ लागतो,” मुकादम कसंबसं म्हणाले. एवढ्यात चारी बाजूंनी फस्स आवाज आला आणि पाण्याचे फवारे उडाले.

“हे काय रे?” मुकादम ओरडले.

“तुम्हीच म्हणालात ना, आजपासून फवाऱ्यांना उन्हाळ्याच्या वेळा लाव! लावल्या की!” पंपवाला कळ बंद करायला धावत सुटला.

तो पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. ओला रंग वाहिला, तपकिरी वेटोळी पुन्हा वर आली आणि अध्यक्षांचे बूट घोट्यापर्यंत हिरवेगार झाले.

“रंग? गवताला रंग?” अध्यक्ष कडाडले. “लाज नाही वाटत लबाडी करायला? रजा तर गेलीच, नोकरीचंही बघतो तुमच्या! आणि हे गोल गोल काय आहे?”

मुकादमांना रडू यायचंच बाकी होतं. “साहेब, ते... बायकोचा फोन आहे. मला फोनवर उभं राहता येत नाही. हातात खताची गाडी होती.”

“काहीतरी फालतू कारणं सांगू नका! माणूस फोनवर बोलताना असा...”

अध्यक्षांच्या खिशात फोन वाजला. नाव बघून त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

“हं, बोल गं... हो, घातलेत ना, तू दिलेलेच. पांढरेशुभ्र आहेत... अगं, पण डाग कसा पडेल?” बोलता बोलता ते चालू लागले. “इकडे? आत्ता येतेस? नको, ऊन किती आहे... अगं, ऐकून तर घे...”

मुकादम आणि नुकताच परतलेला पंपवाला बघत राहिले. हिरवे बूट पहिल्या वेटोळ्यावरून अचूक फिरले, मग दुसऱ्यावरून. मग जरा झोकांडी गेली. आणि ‘हो, हो, हो’ करत अध्यक्ष सरळ रेघेवरून झाडाच्या सावलीत जाऊन उभे राहिले. फोन खिशात गेला. मग त्यांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

“मुकादम,” ते हळूच म्हणाले, “तुमच्याकडे पांढरा रंग आहे का हो?”

“आहे की साहेब, रेषा आखायचा. पण तो नीट मारणारा माणूस उद्या समुद्रावर जाणार होता.”

“जाणार आहे,” अध्यक्ष म्हणाले आणि खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागले. “फक्त दोन हात मारा.”