प्रलंबित अंगठा

"बोटं पुसा आणि पुन्हा ठेवा," खिडकीमागचा कारकून म्हणाला.

बाईंनी बोटे रुमालाला पुसून काचेवर पुन्हा ठेवली. दिवा पुन्हा लाल झाला. ही सहावी खेप होती. रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाने उगीचच घसा खाकरला.

"तुम्हाला ठसेच नाहीत," कारकून म्हणाला. एखाद्याला दात नाहीत हे सांगावे, तसे त्याने ते सांगितले.

"असतील हो. जातील कुठे?"

"काम काय करता?"

"एका काकांकडे असते. अर्धांगवायू आहे त्यांना. उठवायचं, आंघोळ घालायची, धुणं, भांडी, फरशी. नऊ वर्षं झाली. त्याआधी सोळा वर्षं दुसऱ्यांकडे."

"मग धुऊन गेल्या रेषा. साबणाने जातात. तीन आठवडे हात पाण्यात घालू नका. दिवसरात्र मलम लावा, वर सुती मोजे घाला. मग या."

"रबरी मोजे घालून धुतलं तर?"

"घामाने आणखी जातात."

"मग तीन आठवडे मी काम काय करू?"

कारकुनाने फॉर्म उलटून पाहिला. "त्याचा रकाना नाही," असे म्हणून त्याने पुढच्या माणसाला बोलावले.

अपंगांच्या घरी जाऊन काम करणाऱ्या प्रत्येक मदतनिसाची पडताळणी झालीच पाहिजे, असा नियम वर्षाच्या सुरुवातीला लागू झाला होता. नियमात वाईट काही नव्हते. असहाय माणूस परक्याच्या हाती सोपवायचा तर त्या हातांची चौकशी व्हावी, हे बाईंनाही पटत होते. फॉर्मसाठी पाच वर्षांची ओळख असलेले दोन साक्षीदार हवे होते. बाईंना जवळून ओळखणारी माणसे आजवर सात. त्यांतली सहा बाईंच्याच हातांत वारली होती, आणि हे फॉर्मवर लिहिणे त्यांना ठीक वाटेना. सातवे खुद्द काका; त्यांना सगळे घड्याळजी म्हणत. पण ज्याची सेवा करायची त्याची साक्ष चालत नव्हती. शेवटी औषधांच्या दुकानदाराने आणि समोरच्या शेजारणीने सह्या दिल्या. अडले ते बोटांपाशी.

बाईंनी तिथूनच केंद्रात फोन लावला. मदतनीस नेमण्याचे आणि काढण्याचे काम केंद्र करत असे, आणि केंद्राचे काम एक मॅडम करत.

"पडताळणी होईपर्यंत त्यांच्याकडे कामावर जायचं नाही हं," मॅडम म्हणाल्या. "अचानक पाहणी होते. सापडलात तर पाच वर्षं बंदी. तोवर तुमची फाईल प्रलंबित. अर्धा पगार चालू राहील."

"आणि काकांचं काय?"

"बदली माणूस नाही आत्ता. फारच अडलं तर संस्थेत हलवू त्यांना."

"संस्थेत नको. मी नुसती भेटायला गेले तर? पाहुणी म्हणून?"

पलीकडे पाने चाळल्याचा आवाज आला. "पाहुण्यांसाठी नियम नाही," मॅडम नाइलाजाने म्हणाल्या.

घड्याळजी एकदा चार दिवस त्या संस्थेत राहून आले होते. चाळीस वर्षे घड्याळे दुरुस्त केलेला माणूस. त्यांची चाकांची खुर्ची तिथे रोज एका भिंतीसमोर लावत. भिंतीवरचे घड्याळ चार वाजून वीस मिनिटांवर बंद पडलेले होते. मला ते खाली काढून द्या, माझा उजवा हात चालतो, असे त्यांनी चारही दिवस सांगितले. चौथ्या दिवशी त्यांच्या कागदावर 'रुग्ण अस्वस्थ' असा शेरा पडला आणि त्यांना झोपेची गोळी सुरू झाली. तेव्हापासून संस्थेचे नाव निघाले की त्यांचा घास तोंडातच राही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नऊ वर्षांत पहिल्यांदा दारावरची घंटा वाजवली.

"किल्ली हरवली का?" आतून घड्याळजी ओरडले.

"पाहुण्यांकडे किल्ली नसते, काका."

घड्याळजींनी रात्र खुर्चीतच काढली होती; दारापर्यंत ती रेटत यायला त्यांना सहा मिनिटे लागली. दारात बाई हातांत पांढरे सुती मोजे घालून उभ्या होत्या. घड्याळजींनी त्यांना वरून खाली न्याहाळले.

"या. बसा," ते म्हणाले. "काय घेणार?"

हे त्यांनी गमतीने विचारले होते. पण बाईंना पाण्यात हात घालायचा नव्हता, आणि घरात तिसरे माणूस नव्हते. चहा घड्याळजींनाच करावा लागला. एक हात आणि अर्धे शरीर एवढ्या भांडवलावर त्यांनी किटली भरली. पहिल्या दिवशी पाणी सांडले, दुसऱ्या दिवशी साखर, तिसऱ्या दिवशी उकळता चहा डाव्या मांडीवर.

"भाजलं का हो?"

"मला कसं कळणार? ती बाजू माझी नाही," घड्याळजी म्हणाले. फोड मात्र त्यांच्याच मांडीवर आला, अंड्याएवढा.

बाई त्यांना उचलून खुर्चीत बसवत, कुशीवर वळवत. यजमानाला उचलू नये असे पाहुण्यांना कुणी सांगितलेले नव्हते. पण ओले काम बंद होते. अंग पुसायचे ते घड्याळजी स्वतःच, हात पोचेल तेवढे. पाठ तीन आठवडे कोरडी राहिली. बेसिनमधली भांडी ते एका हाताने विसळत, आणि विसळलेली भांडी पाहून बाई नजर दुसरीकडे वळवत.

संध्याकाळी एक काम मात्र न चुकता होई. बाई मोजे काढून बोटे दिव्याखाली धरत आणि घड्याळजी आपले जुने भिंग डोळ्याला लावून त्यांच्यावर वाकत. मग वहीत नोंद होई: 'उजवा अंगठा, कडेला दोन रेषा. तर्जनी, काही नाही.'

"मधलं वर्तुळ येतंय," दहाव्या दिवशी ते म्हणाले. "केसाएवढं."

"बघा हं नीट. तुमच्या भरवशावर आहे मी."

"बाई, मी याच डोळ्याने मुंगीच्या पायाएवढे स्क्रू बसवलेत."

सतराव्या दिवशी सकाळी घंटा वाजली. दारात पाहणी अधिकारी होते. हातात पाटी, पाटीवर दोन फॉर्म, खिशाला तीन पेने. ते आत आले तेव्हा बाई सुदैवाने खुर्चीत बसलेल्या होत्या.

"या कोण?"

"पाहुण्या," घड्याळजी म्हणाले.

"काय करताहेत?"

"बसल्यात."

अधिकाऱ्यांनी मोज्यांकडे पाहिले. "हातांना काय झालंय?"

"थंडी वाजते," बाई म्हणाल्या. खोलीत पंखा चालू होता.

अधिकारी पलंगाच्या कडेवर टेकले आणि पेन उघडून वाट पाहू लागले. लोक सरळ उत्तरे देत नाहीत, पण थोडा वेळ गप्प बसले की घर आपोआपच बोलते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. घड्याळजींनाही ते उमगले. आता बाई सवयीने उठल्या, उशी सारखी केली, नुसता पेला उचलून ठेवला, तरी पाच वर्षे गेली. बाईंना बंदी आणि आपल्याला ती भिंत.

"पाहुण्यांना चहा विचारायचा राहिलाच," घड्याळजी म्हणाले आणि त्यांनी खुर्चीचे चाक फिरवले.

किटली, पाणी, चहा, साखर, दूध, कप. प्रत्येक वस्तूसाठी खुर्ची एकदा पुढे आणि एकदा मागे. अधिकाऱ्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिले. एकोणीस मिनिटांनी, मांडीवर ट्रे आणि कपाळावर घाम घेऊन, घड्याळजी बाईंसमोर येऊन थांबले. एक थेंब सांडला नव्हता. नेमका त्याच दिवशी.

बाईंनी मोजे घातलेल्या हातांनी कप उचलला. डोळे भरून आले होते, म्हणून त्यांनी तोंडाला येईल ते बोलून टाकले.

"साखर कमी आहे."

"पाहुणे फार चोखंदळ आहेत तुमचे," अधिकारी म्हणाले.

"रोजचंच आहे," घड्याळजी म्हणाले.

अधिकाऱ्यांनी पहिल्या फॉर्मवर 'मदतनीस कामावर आढळली नाही' अशी खूण केली. मग त्यांनी दुसरा फॉर्म वर घेतला आणि बराच वेळ मन लावून लिहिले. जाताना त्यांनी घड्याळजींच्या चालत्या हाताशी हात मिळवला. "तुमच्यासारखी जिद्द सगळ्यांनी ठेवली तर आमचं काम निम्मं होईल," ते म्हणाले.

तीन आठवडे संपल्यावर यंत्राचा दिवा पहिल्या खेपेला हिरवा झाला. बाईंनी बाहेर येऊन घड्याळजींना फोन केला, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा ते दोघे फोनवर नुसते हसले. आठवड्याने केंद्रातून दोन पाकिटे निघाली. एकात बाईंची पडताळणी मंजूर झाल्याचे पत्र होते; कार्ड सुरू करायला केंद्रात येऊन एकदा अंगठा द्यायचा होता. दुसरे घड्याळजींच्या नावाचे होते. 'लाभार्थी सतरा दिवस विनामदत राहिला. स्वतः चहा करून पाहुण्यांचे आदरातिथ्य करताना आढळला. सबब मदतनिसाची आवश्यकता नाही.'

बाई पत्र घेऊन तशाच केंद्रात गेल्या.

"मॅडम, त्यांना कुशीवर वळता येत नाही हो. संडासला कोण नेणार?"

"चहा केला ना त्यांनी?" मॅडमना वाईट वाटत होते. त्यांनी आवाज हळू केला. "अपील करा. लागतील पाच-सहा महिने. आणि अपील फक्त प्रलंबित फाईलवर घेतात. तुमची दोघांची फाईल एकाच नंबरखाली आहे. तुम्ही इथे अंगठा दिलात की कार्ड सुरू, फाईल बंद, त्यांचं पत्र लागू."

"मग मी पुन्हा पाहुणी म्हणून जाईन."

"कार्डवाल्यांनी लाभार्थीच्या घरी खाजगीत जायचं नाही. नियम अठरा."

"म्हणजे पडताळणी नव्हती तेव्हा चालत होतं."

"तेव्हा तुम्ही कुणीच नव्हता ना."

बाईंनी यावर थोडा विचार केला. "आणि मी अंगठा द्यायला आलेच नाही तर?"

"तीस दिवसांत नाही आलात तर नकार धरतात. फाईल बंद."

"आले, पण यंत्राने घेतलाच नाही तर?"

"मग फाईल पुन्हा प्रलंबित. पण आता का नाही घेणार? छान उमटलेत तुमचे ठसे."

त्या दुपारी बाईंनी घंटा वाजवली, आत आल्या, खुर्चीत बसल्या नाहीत. त्यांनी मोजे काढून कचऱ्यात टाकले आणि बेसिनसमोर उभ्या राहिल्या. घरात सहा पातेली होती. ती सगळी त्यांनी तारेच्या घासणीने आणि धुण्याच्या सोड्याने घासली, पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून घासायला घेतली. मग फरशी. मग भिंतीच्या फरशा. मग घड्याळजींची पाठ, साबण लावून, दोनदा.

"सोलून काढाल," घड्याळजी कण्हले.

"बोलू नका. तीस दिवस आहेत फक्त."

वही पुन्हा निघाली, पण नोंदी आता उलट्या दिशेने चालल्या. नवव्या दिवशी तर्जनी गेली. अठराव्या दिवशी कडेच्या रेषा गेल्या. बाईंची बोटे लाल झाली, सालपटे निघाली, आणि रात्री उशीच्या अभ्र्याला अडकू लागली. सव्विसाव्या दिवशी घड्याळजींनी भिंग लावून अंगठा बराच वेळ पाहिला.

"मधलं वर्तुळ आहे अजून. चिवट आहे."

"आणा इकडे ते मोठं पातेलं."

"ते चकाकतंय, बाई. तोंड दिसतं त्यात."

"आणा म्हटलं ना."

तिसाव्या दिवशी केंद्रातल्या यंत्राचा दिवा सहा वेळा लाल झाला. मॅडमनी कपाळाला हात लावला. "तीन आठवडे हात पाण्यात घालू नका," त्या म्हणाल्या, आणि फाईलवर 'प्रलंबित' असा शिक्का मारून घड्याळजींचा अपिलाचा अर्ज तिच्यात लावला.

बाई परतल्या तेव्हा घड्याळजी दारातच होते. बाईंनी अंगठा वर करून दाखवला. तो इतका गुळगुळीत झाला होता की भिंगाची गरज पडली नाही.

"बसा," घड्याळजी म्हणाले आणि खुर्ची ओट्याकडे वळवली.

किटली, पाणी, चहा, साखर. खुर्ची आता दोनदाच पुढे-मागे झाली. कप समोर आला तेव्हा बाईंनी सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काका, अकरा मिनिटं."

"माहीत आहे मला."

"पाहणीच्या दिवशी एकोणीस होती. तुम्ही सुधारताय."

घड्याळजींनी दाराकडे पाहिले. दार लावलेले होते. तरी त्यांनी आवाज खाली आणला.

"कुणाला सांगू नका."