शववाहिकेला पॉलिश

"त्यात काय एवढं? मशीन फिरवायचं, गाडी चमकवायची! हे काय हृदयाचं ऑपरेशन आहे?"

सकाळी अंड्यावर मीठ शिंपडत वेंडेल हूकस्ट्रा असं म्हणाला आणि त्याच्या बायकोने, मार्लिसने, हातातला चमचा खाली ठेवला. "त्यात काय एवढं" या तीन शब्दांना ती चांगली ओळखून होती. याच तीन शब्दांनी सुरुवात होऊन तळघरात गुडघाभर पाणी साचलं होतं, आणि याच तीन शब्दांच्या कृपेने मागचं दार आता फक्त खांद्याने उघडायचं.

मिशिगनमधल्या पाइन हॉलो गावात माणूस गेला की त्याचं पुढचं सगळं वेंडेलकडे. धंदा वडिलांचा, इमारत वडिलांची. काळी, लांबलचक शववाहिका तेवढी वेंडेलच्या स्वतःच्या पसंतीची. सावलीत ती मोठी रुबाबदार दिसे. उन्हात आली की मात्र अंगभर बारीक ओरखडे आणि गोल गोल रेघा, जणू कोळ्यांच्या सबंध खानदानाने तिच्यावर संसार थाटलाय! दुसऱ्या गावात कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण पाइन हॉलोतला अर्धा गाव मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. इथे नवजात बाळ दाखवलं तरी म्हातारे आधी बाबागाडीचा रंग बघतात.

आणि आता लेनर्ड कुबियाक गेला होता. जुन्या गाड्यांच्या क्लबचा अध्यक्ष! दुसऱ्याच्या गाडीवरचा ओरखडा त्याला रस्त्यापलीकडून दिसायचा आणि तो सांगायला तो रस्ता ओलांडून यायचा.

त्याची बायको बर्नाडेट वेंडेलच्या ऑफिसात आली, टेकली आणि रुमाल काढायच्या आधीच म्हणाली, "वेंडेल, ती जाळी लागलेली गाडी लेनर्डसाठी चालणार नाही."

"जाळी? कुठली जाळी?"

"सोंग करू नकोस! झेलिन्स्कीच्या अंत्ययात्रेत लेनर्डने मेलेल्या माणसाकडे पाहिलं नाही, तुझ्या गाडीच्या दाराकडे पाहत होता. घरी आल्यावर जेवला नाही. म्हणाला, बर्नी, मला त्या गाडीत घालशील तर मी उठून चालत जाईन!"

"बर्नाडेटबाई, तुम्ही काळजीच सोडा—"

"सोडते. नाहीतर पलीकडच्या गावात तुझ्याच धंद्यातला तो माणूस आहे. त्याची गाडी नवीन आहे."

वेंडेलने मनातल्या मनात हिशेब मांडला. प्रश्न एकट्या लेनर्डचा नव्हता. क्लबमध्ये सगळे सत्तरीच्या पुढचे. म्हणजे पुढल्या पंधरा वर्षांचं हक्काचं गिऱ्हाईक! ते एकदा पलीकडच्या गावाकडे वळलं की वेंडेलने स्वतःच शववाहिकेत जाऊन झोपायचं.

"क्लबातल्या चेटला सांग की," मार्लिस म्हणाली. "तासाभरात करून देईल बिचारा."

"चेटला? म्हणजे गाडी खराब आहे हे मी कबूल करू?"

"सगळ्या गावाला दिसतंय, वेंडेल."

"दिसणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं!"

या तत्त्वज्ञानापुढे मार्लिसने हात टेकले. वेंडेलने मशीन आणलं, स्पंजाची पॅड आणली, दोन तऱ्हेच्या पेस्ट आणल्या. मग दोन दिवस तो व्हिडिओ बघत बसला. बघता बघता त्याला एवढा आत्मविश्वास आला, की करून बघायची गरजच वाटेना. शेवटी गुरुवार उजाडला. संध्याकाळी लोक लेनर्डचं शेवटचं दर्शन घ्यायला येणार आणि गाडी आहे तशीच! तेव्हा दुपारी वेंडेल मागच्या गॅरेजमध्ये शिरला आणि मदतीला मेव्हण्याला बोलावलं.

हा मेव्हणा, ड्वेन, माणूस म्हणून सोन्यासारखा. पण उभी हयात कारखान्याच्या पत्रा ठोकायच्या खात्यात गेल्यामुळे त्याच्या कानाशी तोफ डागली, तरी तो "काय म्हणालास?" असं विचारायचा. त्याच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचंच. शिवाय गाडीच्या पुढच्या भागाला नाक, दिव्यांना डोळे, बाजूच्या आरशांना कान म्हणायची या एकाच गल्लीत वाढलेल्या दोघांची लहानपणापासूनची सवय. एरवी या सवयीने कोणाचं काही बिघडलं नसतं. पण गॅरेज आणि दर्शनाचा हॉल यांच्यामध्ये फक्त एक लाकडी भिंत होती.

आणि नेमकी त्याच वेळी बर्नाडेट आपल्या नणंदेला, फ्लॉरेन्सला, घेऊन तासभर आधीच येऊन बसली.

"लेनर्ड कुठे आहे?" फ्लॉरेन्सने विचारलं. हॉलमध्ये फुलं होती, खुर्च्या होत्या, शवपेटी अजून यायची होती.

"मागे आहेत," मार्लिस अदबीने म्हणाली. "वेंडेल शेवटचा हात फिरवतोय." ती गाडीबद्दल बोलत होती. कॉफी आणते म्हणून ती आत वळली आणि भिंतीपलीकडून आवाज आला.

"नाकापासून सुरू करतो!"

"काय?"

"नाक! नाक! डोळ्यांवर चिकटपट्टी लावलीस का?"

"लावली! कानांवरपण लावू?"

"लाव! नाहीतर मशीन लागून तुटून पडायचे!"

घर्रर्रर्र!

फ्लॉरेन्सने बर्नाडेटचा हात गच्च धरला. बर्नाडेटने फुलांवर नजर रोखली. अशा वेळी काहीबाही ऐकू येतं, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं.

"काय हे ओरखडे! आयुष्यात कधी अंग धुतलेलं दिसत नाही!"

"रोज आंघोळ करायचा तो!" फ्लॉरेन्स भिंतीकडे बघून किंचाळली. पण घर्रर्रमध्ये ते कोणाला ऐकू जाणार! तिने पर्समधून फोन काढला आणि मैत्रिणीला लावला. "आयरीन, अगं ऐक! वेंडेल आमच्या लेनर्डवर मशीन चालवतोय! मशीन! ... कसलं म्हणजे? फरशी घासायचं असतं ना, तसलं!"

"दाब दे, वेंडेल! अंगावर रेल!"

"रेललोय की! अजून किती रेलू?"

"थांब, थांब! वास येतोय! जळतंय काहीतरी!"

घर्रर्र थांबली. मग आली ती शांतता. भयंकर शांतता!

"अरे देवा," भिंतीपलीकडे ड्वेन म्हणाला. "खालचं पांढरं दिसायला लागलं!"

"ओरडू नकोस! वर फुलं ठेवू! कोणाला कळतंय?"

कॉफीचा ट्रे घेऊन मार्लिस बाहेर आली, तर दोन खुर्च्या आडव्या आणि गॅरेजचं दार सताड उघडं! दारात बर्नाडेट. तिने पर्स गदेसारखी उगारलेली. मागे फोन कानाला तसाच लावून फ्लॉरेन्स.

"काय केलंस माझ्या नवऱ्याचं?"

वेंडेल दचकून वळला. वळला तो मशीनसकट. दचकताना बोट बटणावर पडलं, पॅड हवेतच गरगरलं आणि त्यावरची ताजी पेस्ट सुटली ती सरळ फ्लॉरेन्सच्या काळ्या कोटावर, तोंडावर आणि फोनवर. व्हिडिओतल्या माणसाने हे पहिल्याच मिनिटात सांगितलं होतं, की पॅड रंगावर टेकवल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. वेळ वाचवायला वेंडेलने नेमकं तेच मिनिट गाळलं होतं.

"आयरीन," फ्लॉरेन्स फोनमध्ये पुटपुटली, "आता माझ्यावर चालवतोय," आणि मटकन टायरांच्या ढिगावर बसली.

मार्लिसने सगळ्यांना शेजारच्या खोलीत नेलं. तिथे लेनर्ड क्लबच्या निळ्या जाकिटात, नाकाकानासकट, शांत पडला होता. बर्नाडेटने त्याचा गाल चाचपला, एक खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच नीट रडली. वेंडेलला क्षणभर वाटलं, सुटलो. पण बर्नाडेट डोळे पुसून उठली, परत गॅरेजमध्ये गेली आणि गाडीपुढे उभी राहिली. गाडीचं नाक खरोखरच चमकत होतं. फक्त त्या नाकाच्या काठावर तळहाताएवढा रंग साफ उडाला होता.

"बर्नाडेटबाई, बाकीचा भाग बघा ना," वेंडेल म्हणाला.

"बघतेय. म्हणूनच मी काही बोलत नाहीये."

संध्याकाळी दर्शनाला एवढी गर्दी लोटली, की गाड्या शाळेच्या मैदानात लावाव्या लागल्या. आयरीनने तिचं काम चोख केलं होतं! लोक येत, बर्नाडेटचा हात कसाबसा हातात घेत आणि थेट शवपेटीवर वाकत.

"बघ, बघ, गालावर एक रेघ नाही!"

"कपाळ तर बघ! जिवंतपणी एवढा टवटवीत कधी दिसला होता?"

वेंडेल दारात घसा कोरडा होईपर्यंत खुलासा करत होता, "मशीन गाडीसाठी होतं हो! गाडीसाठी!" लोक समजूतदारपणे त्याच्या खांद्यावर थोपटत पुढे जात. धंद्याची गुपितं कोण सांगतं?

शुक्रवारी सकाळी डाग झाकायला वेंडेलने गाडीच्या नाकावर एवढं मोठं पुष्पचक्र बांधलं, की गाडी शर्यत जिंकून आल्यासारखी दिसत होती. चर्चपासून दफनभूमीपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मागे क्लबच्या गाड्यांची चकचकीत रांग. दफनभूमीच्या फाटकाशी एक खार आडवी पळाली, वेंडेलने करकचून ब्रेक दाबला आणि पुष्पचक्र घरंगळत रस्त्यावर!

झालं! रांगेतल्या गाड्यांची दारं एकामागून एक उघडली. काठ्या, गुडघे आणि चष्मे सांभाळत सगळा क्लब शववाहिकेच्या नाकाभोवती गोळा झाला. चष्मे पुसले गेले, माना खाली वाकल्या. वेंडेलने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. पुढली पंधरा वर्षं पलीकडच्या गावाकडे चालू लागलेली त्याला साफ दिसली.

शेवटी चेट डागावर बोट फिरवत म्हणाला, "पॅड कडक वापरलंय."

"पॅडचं काही नाही! काठावर रंग पातळ असतो, तिथे मशीन उभं धरलंय त्याने!"

"अरे, वेग! वेगच जास्त ठेवलाय!"

"उन्हात केलंय का?"

"तुला रे काय कळतं? तुझ्या स्वतःच्या डिकीवर काय आहे ते सांगू का?"

बघता बघता काठ्या वर झाल्या. पाद्रीबुवा खड्ड्याशी पुस्तक उघडून ताटकळले होते. ड्वेन सगळ्यांना "काय? काय?" विचारत हिंडत होता. वेंडेल खाली उतरला आणि माफी मागायला बर्नाडेटकडे गेला. ती मागच्या गाडीत बसून काचेतून त्या भांडणाकडे टक लावून बघत होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

"राहू दे," ती म्हणाली. "पाच मिनिटं भांडू देत त्यांना. त्याला आवडलं असतं."

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. हॅम, बटाट्याचं सॅलड, कोबीत गुंडाळलेला खिमा. वेंडेल कोपऱ्यात, कोणाच्या नजरेला नजर न देता चरत बसला होता. तेवढ्यात शेजारी अ‍ॅग्नेस प्रुइट येऊन बसल्या. वय नव्वदीच्या उंबरठ्यावर, डोक्यावर जांभळी टोपी.

"वेंडेल," त्या त्याच्या कानाशी लागल्या, "मी गेल्यावर माझ्यावरही ते मशीन फिरवशील ना रे? हे कपाळावरचं जरा बघ. आणि हनुवटीखालचं."

"अ‍ॅग्नेसबाई, कितीदा सांगू? ते मशीन गाडीसाठी होतं! लेनर्डला मी हातसुद्धा लावला नाही! फक्त गाडी! शपथेवर सांगतो!"

अ‍ॅग्नेसबाईंनी त्याच्याकडे मोठ्या मायेने पाहिलं आणि त्याच्या हातावर हात ठेवला.

"अरे, कशाला लपवतोस? मी गाडीही पाहून आले," त्या म्हणाल्या. "लेनर्डच जास्त चांगला झालाय!"